रूपनारायणकाठचे घर

हावड्याहून खरगपूरच्या दिशेने जाणाऱ्या लोकल गाडीत बसले की पन्नासेक किलोमीटरवर देउलटी नावाचे लहानसे स्थानक लागते. पुढे कोलाघाटचा मोठा पूल आणि पुलाखाली रूपनारायण. बंगाली माणूस रूपनारायणला नदी म्हणत नाही, नद म्हणतो. आपण ब्रह्मपुत्र आणि शोण यांना म्हणतो तसे. देउलटीला उतरून आत वळले की भातखाचरे, तळी आणि बांबूची बेटे सुरू होतात, आणि थोड्या वेळाने सामताबेड हे गाव येते. तिथे एक ऐसपैस दुमजली घर उभे आहे. कौलारू उतरते छप्पर, चारी बाजूंनी रुंद व्हरांडा, लाकडी कामात बर्मी वळण आणि भोवती बाग. बंगालच्या खेड्यात हे बर्मी वळण कुठून आले, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर घर बांधणाऱ्या माणसाच्या आयुष्यात आहे. ते घर शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांनी बांधले.

शरदबाबूंची ओळख मराठी घरांना करून द्यावी लागत नाही. मामा वरेरकरांनी त्यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि आपल्या आज्या-आत्यांनी त्या दुपारच्या निवांत वेळी वाचल्या. ज्यांचे शिक्षण हिंदीतून किंवा गुजरातीतून झाले त्यांनी त्या भाषांतून वाचल्या. पुस्तक हाती न धरलेल्यांनाही ‘देवदास’, ‘परिणीता’, ‘बिराज बहू’ हे चित्रपट ठाऊक असतात. थोरली जाऊ, विधवा बहीण, पोरका दीर, घरात राहूनही घराची न झालेली सून ही त्यांची माणसे आपल्याला कधी परकी वाटली नाहीत. भारतीय घराचे आतले दालन त्यांच्याइतके जवळून दाखवणारे लेखक फार थोडे. मात्र ज्याने इतकी घरे लिहिली त्याला स्वतःचे म्हणावे असे घर वयाच्या पन्नाशीपर्यंत नव्हते. त्यांचे आयुष्य ते राहिलेल्या घरांच्या क्रमाने पाहिले, तर हे सामताबेडचे घर त्यांना का हवे होते ते कळते.

शरदबाबूंचा जन्म १५ सप्टेंबर १८७६ रोजी हुगळी जिल्ह्यातील देवानंदपूर या खेड्यात झाला. वडील मतिलाल हे वाचनाची आणि लेखनाची आवड असलेले, स्वप्नाळू गृहस्थ. कथा-कादंबऱ्या लिहायला घ्यायच्या आणि अर्ध्यावर सोडायच्या, नोकरी धरायची आणि तीही सोडायची, असा त्यांचा स्वभाव. मुलाला त्यांच्याकडून शब्दांचे वेड मिळाले आणि भटकेपणाही मिळाला. आई भुवनमोहिनी मात्र सोशिक होती. चूल पेटती ठेवणे अशक्य झाले की मुलांना घेऊन ती माहेरी जाई. त्यामुळे शरदबाबूंचे बालपण देवानंदपूर आणि भागलपूर या दोन गावांत वाटले गेले. भागलपूर म्हणजे आईचे माहेर, गांगुलींचा मोठा वाडा.

भागलपूर बिहारमध्ये आहे. वकिली, कारकुनी, शिक्षकी अशा निमित्तांनी तिथे येऊन पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेला मोठा बंगाली समाज होता. त्यांची दुर्गापूजा, त्यांची नाटके, त्यांचे क्लब, त्यांचे सोवळेओवळे आणि त्यावरून होणारी भांडणे हे सगळे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या मराठी मंडळींनी वाचले तर गाव तेवढे बदलले आहे असे वाटेल. परमुलखात राहणारा समाज आपल्या चालीरीती मूळ गावापेक्षाही घट्ट धरून ठेवतो, हा आपला अनुभव आहे. गांगुलींचे घर तसेच होते. आजोबा केदारनाथ आणि त्यांचे भाऊ यांचे एकत्र कुटुंब आणि त्याची कडक शिस्त. मुलांनी पतंग उडवू नयेत, गोट्या खेळू नयेत, गंगेवर हुंदडू नये. शरदबाबूंनी यातले सगळे केले. राजेंद्रनाथ मजुमदार नावाचा एक निर्भय मित्र त्यांना भेटला. रात्री-अपरात्री होडी घेऊन गंगेत शिरणारा, बासरी वाजवणारा, कुणाच्याही मदतीला धावणारा हा मुलगा पुढे एके दिवशी घर सोडून निघून गेला. ‘श्रीकांत’मधला इंद्रनाथ याच मित्रावरून उभा राहिला आहे.

मामाच्या घरी वाढणाऱ्या भाच्याची जागा काय असते हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. जेवण मिळते, लाडही होतात. पण आई कुणासमोर किती मान खाली घालून वावरते हे मुलाला दिसत असते. शरदबाबूंच्या कथांतली आश्रित माणसे पुढे इतकी खरी उतरली, त्याची सुरुवात या वाड्यात झाली. १८९४ मध्ये ते एंट्रन्स परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८९५ मध्ये आई वारली. आई गेल्यावर मतिलालांना सासुरवाडीत राहण्याचे कारण उरले नाही. ते मुलांना घेऊन भागलपूरच्याच खंजरपूर भागात साध्या घरात राहू लागले. याच सुमारास कर्जापायी देवानंदपूरचे राहते घरही विकावे लागले. शरदबाबू कॉलेजात जात होते, परंतु एफ. ए.च्या परीक्षेचे शुल्क भरता न आल्याने शिक्षण तिथेच थांबले.

खंजरपूरच्या शेजारी भट्ट कुटुंब राहत होते. तिथल्या विभूतिभूषण या मित्राच्या ओळखीने तरुण मुलांचे एक साहित्यमंडळ जमले आणि ‘छाया’ नावाचे हस्तलिखित मासिक निघू लागले. विभूतिभूषणची बहीण निरुपमा बालविधवा होती. तिला मंडळात येऊन बसता येत नसे. तिचे लेखन भावाच्या हातून बाहेर येई आणि त्यावरचे अभिप्राय भावाच्याच हातून आत जात. हीच मुलगी पुढे निरुपमा देवी या नावाने बंगालीतली मान्यवर कादंबरीकार झाली. भिंतीपलीकडे बसलेल्या त्या मुलीची बुद्धी आणि तिचे रिते आयुष्य शरदबाबूंनी जवळून पाहिले. त्यांच्या कादंबऱ्यांत विधवांना जी जागा मिळाली, तिच्यामागे अशा ओळखी आहेत.

या भागलपूरच्या दिवसांतच, पंचविशीच्या आत, त्यांनी ‘देवदास’ लिहिली. ती छापली गेली १९१७ मध्ये. मधली सोळा-सतरा वर्षे वही पडून होती. ‘देवदास’चा शेवट वाचकांना आठवत असेल. मरणाच्या दारातला देवदास पार्वतीच्या सासरच्या गावी पोचतो आणि तिच्या घराबाहेर, झाडाखाली, अनोळखी माणसासारखा प्राण सोडतो. दार उघडून आत जाणे त्याला जमत नाही आणि तिला दाराबाहेर येऊ दिले जात नाही. ज्याचे स्वतःचे राहते घर नुकतेच विकले गेले होते अशा तरुणाने हा शेवट लिहिला, हे लक्षात घेतले तर त्याचा अर्थ थोडा बदलतो.

पुढची काही वर्षे भटकंतीची. बनैली संस्थानात नोकरी केली, ती सुटली. वडिलांशी खटका उडाला आणि शरदबाबू संन्याशाच्या वेशात घराबाहेर पडले. मुजफ्फरपूरला असताना वडील वारल्याची बातमी आली. परत येऊन त्यांनी क्रियाकर्म उरकले. मागे प्रभासचंद्र आणि प्रकाशचंद्र हे धाकटे भाऊ आणि एक लहान बहीण होती. पैसा नाही, घर नाही. भावंडांना नात्यातल्या लोकांकडे ठेवावे लागले. थोरली बहीण अनिलादेवी हिचे लग्न आधीच झाले होते. ती हावडा जिल्ह्यात रूपनारायणजवळच्या गोविंदपूर गावी सासरी नांदत होती. या बहिणीचे गाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे गोष्ट तिथेच येणार आहे.

जानेवारी १९०३ मध्ये शरदबाबू कलकत्त्याहून बोटीने रंगूनला गेले. निघण्यापूर्वी त्यांनी ‘मंदिर’ नावाची एक कथा कुंतलीन पुरस्काराच्या स्पर्धेला पाठवली होती, तीही स्वतःच्या नावाने नव्हे तर मामा सुरेंद्रनाथांच्या नावाने. कथेला पहिले बक्षीस मिळाले तेव्हा लेखक ब्रह्मदेशात होता. रंगूनला आधी एका वकील नातेवाइकाकडे आसरा मिळाला. ते गृहस्थ थोड्याच काळात वारले आणि तेही छप्पर गेले. सरकारी हिशेब खात्यात कारकुनी मिळाली. राहायला मात्र त्यांनी बाबू लोकांची वस्ती निवडली नाही. शहराच्या कडेला, पाझुनडाउंगकडे, गिरण्यांत आणि कारखान्यांत काम करणाऱ्या मिस्त्री-मजुरांची वस्ती होती. तिथे लाकडी घरात ते राहू लागले. शेजाऱ्यांची पत्रे लिहून द्यायची, मनिऑर्डरचे फॉर्म भरायचे, होमिओपॅथीच्या गोळ्या द्यायच्या, नवरा-बायकोची भांडणे सोडवायची. दारू, व्याज आणि आजार यांनी पिचलेली ती वस्ती त्यांना आपला माणूस समजू लागली.

याच वस्तीत त्यांचे पहिले लग्न झाले. एका मिस्त्रीची मुलगी शांती हिला एका दारुड्या प्रौढाच्या गळ्यात बांधण्याचे ठरत होते. ती मदतीसाठी शरदबाबूंकडे आली आणि त्यांनी तिच्याशी लग्न केले. मुलगा झाला. पहिल्यांदाच त्यांच्या घराला घरपण आले होते. १९०८ मध्ये रंगूनला प्लेगची साथ आली आणि तिच्यात आई आणि मूल दोघेही गेले. तो संसार किती लहान होता हे त्यांच्या चरित्रात वाचताना जाणवते. दोन-चार पानांतच तो सुरू होतो आणि संपतो.

काही काळाने मेदिनीपूरकडची मोक्षदा ही मुलगी त्यांच्या आयुष्यात आली. तिचे नाव त्यांनी हिरण्मयी ठेवले, तिला लिहायला-वाचायला शिकवले. तिने त्यांना अखेरपर्यंत साथ दिली. त्यांना मूलबाळ झाले नाही.

इकडे बंगालमध्ये एक गंमत घडली. शरदबाबूंच्या तरुणपणी लिहिलेल्या वह्या भागलपूरच्या मित्र-नातेवाइकांकडे होत्या. त्यातली ‘बडदीदी’ त्यांना न विचारताच १९०७ मध्ये ‘भारती’ मासिकात क्रमशः छापली गेली. सुरुवातीला लेखकाचे नाव दिले नव्हते. वाचकांना वाटले, हे रवींद्रनाथांचेच असणार. खरा लेखक रंगूनमध्ये खात्याच्या रकमांची बेरीज करत होता. तो रिकाम्या वेळात वाचत होता, तैलचित्रे काढत होता आणि स्त्रियांच्या इतिहासावर एक मोठा ग्रंथ लिहीत होता. १९१२ च्या फेब्रुवारीत घराला आग लागली. लाकडी घर बघता बघता गेले. त्याबरोबर पुस्तके, चित्रे, त्या ग्रंथाचे हस्तलिखित आणि ‘चरित्रहीन’ कादंबरीचा मसुदाही गेला. ‘चरित्रहीन’ त्यांनी पुन्हा लिहून काढली. स्त्रियांवरच्या अभ्यासातून जे मनात उरले होते त्यातून ‘नारीर मूल्य’ हा दीर्घ निबंध तयार झाला. तो छापताना त्यांनी लेखिकेचे नाव घातले अनिलादेवी. म्हणजे गोविंदपूरच्या थोरल्या बहिणीचे.

त्या आगीच्या वर्षीच रजेवर कलकत्त्याला आले असता ‘यमुना’ मासिकाच्या संपादकांनी त्यांना लिहायला भाग पाडले. ‘रामेर सुमति’, ‘बिंदुर छेले’ या कथा आल्या आणि बंगालला कळले की आपल्याकडे एक नवा मोठा कथाकार आहे. १९१६ मध्ये प्रकृती साथ देईनाशी झाली. प्रकाशकाने दरमहा ठराविक रक्कम देण्याचे कबूल केले, तेव्हा धीर करून त्यांनी नोकरी सोडली आणि तेरा वर्षांनी ते मायदेशी परतले. पुढची सुमारे दहा वर्षे हावड्याच्या शिवपूर भागात भाड्याच्या घरात गेली. ‘श्रीकांत’, ‘देवदास’, ‘चरित्रहीन’, ‘दत्ता’, ‘गृहदाह’ ही पुस्तके या काळात वाचकांच्या हाती पडली. केवळ लेखणीवर चांगले जगता येते हे त्यांनी दाखवून दिले. या भाड्याच्या घरात त्यांच्यासोबत भेलू नावाचा रस्त्यावरून आणलेला कुत्रा होता. पाहुण्यांच्या अंगावर भुंकणारा, दिसायला सामान्य. पण तो वारला तेव्हा शरदबाबूंनी घरातले माणूस गेल्यासारखा शोक केला.

हातात पैसा आल्यावर त्यांच्या जोडीच्या कुणीही कलकत्त्यात घर घेतले असते. शरदबाबूंनी जमीन घेतली ती सामताबेडला, रूपनारायणच्या काठी, गोविंदपूरपासून हाकेच्या अंतरावर. आई गेली, वडील गेले, वडिलोपार्जित घर गेले. माहेर म्हणावे असे अनिलादेवींना काही उरले नव्हते. भाऊ बहिणीच्या सासरजवळ येऊन राहिला आणि तिचे माहेर तिच्या दाराशी आणले. सर्वसाधारण रीत याच्या उलट असते. १९२६ मध्ये ते शिवपूर सोडून या घरात राहायला आले. तेव्हा त्यांचे वय ४९ वर्षांचे होते.

घर त्यांनी मोठे बांधले ते एकट्या जोडप्यासाठी नव्हते. वडील वारल्यावर ज्या भावंडांना इकडे-तिकडे ठेवावे लागले होते त्यांना आता एक छप्पर मिळाले. धाकटा प्रकाशचंद्र बायको-मुलांसह इथे राहिला. मधला प्रभासचंद्र रामकृष्ण मिशनमध्ये संन्यास घेऊन स्वामी वेदानंद झाला होता. संन्याशाला घर नसते, पण थोरल्या भावाचे घर त्यालाही होते. त्याची समाधी याच घराच्या आवारात आहे. घराचा घाट बर्मी, कारण रंगूनच्या तेरा वर्षांत लाकडी व्हरांड्याची आणि वाऱ्याला मोकळी ठेवलेल्या खोल्यांची सवय लागली होती. रंगूनचे घर जळाले, त्यातले माणूस प्लेगने गेले. घराचे ते वळण मात्र शरदबाबूंनी रूपनारायणकाठी आणले. बागेत त्यांनी स्वतः लावलेली पेरूची झाडे आणि बांबू आजही दाखवले जातात.

लिहिण्याच्या खोलीतून नदाचे पात्र दिसे. सकाळी मात्र लिहिण्याआधी गावकऱ्यांची रांग असे. कुणाला ताप, कुणाच्या मुलाला जुलाब. होमिओपॅथीची पेटी रंगूनहून त्यांच्यासोबत आली होती आणि औषधाचे पैसे घेण्याची पद्धत तेव्हाही नव्हती, आताही नव्हती. शेतीचे तंटे, जमीनदाराच्या माणसांचा जाच, जातीतून वाळीत टाकलेल्या घरांचे प्रश्न असे सगळे त्या व्हरांड्यात येई. ‘पल्लीसमाज’ ही खेड्यातल्या हेव्यादाव्यांची कादंबरी त्यांनी इथे येण्यापूर्वीच लिहिली होती. ‘महेश’ ही कथाही आधीची. तिच्यातला गफूर आपला बैल मेल्यावर मुलीचा हात धरून रात्रीच्या अंधारात घर सोडतो आणि तागाच्या गिरणीची वाट धरतो. अशा माणसांविषयी लिहिणारा लेखक आता त्यांचा शेजारी झाला होता, आणि लिहून भागत नाही हे त्याला रोज दिसत होते.

राजकारणही या घरात शिरले. चित्तरंजन दास यांच्या आग्रहावरून शरदबाबू १९२१ पासून हावडा जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि सुमारे पंधरा वर्षे ती जबाबदारी त्यांनी सांभाळली. या घरातली राधाकृष्णाची मूर्ती चित्तरंजनांनी दिलेली, असे सांगतात. शरदबाबू खादी वापरत, चरखा चालवत. पण चरख्याने स्वराज्य मिळेल हे त्यांना पटलेले नव्हते आणि तसे ते स्पष्ट बोलत. सशस्त्र क्रांतिकारकांविषयी त्यांना जिव्हाळा होता आणि त्यांतल्या काहींचे त्यांच्याकडे येणे-जाणे असे. ऑगस्ट १९२६ मध्ये, म्हणजे या घरात आल्याच्या वर्षीच, ‘पथेर दाबी’ ही कादंबरी पुस्तकरूपाने निघाली. ब्रह्मदेशातल्या क्रांतिकारकांची ती कथा लोकांनी हातोहात घेतली आणि जानेवारी १९२७ मध्ये सरकारने ती जप्त केली. रवींद्रनाथांनी या बंदीविरुद्ध आवाज उठवावा अशी शरदबाबूंची अपेक्षा होती. रवींद्रनाथांचे मत वेगळे पडले आणि ते शल्य शरदबाबूंना दीर्घकाळ राहिले. बंदी उठली ती १९३९ मध्ये. ते पाहायला लेखक राहिला नव्हता.

सामताबेडच्या मुक्कामात ‘शेष प्रश्न’, ‘श्रीकांत’चा चौथा भाग आणि ‘विप्रदास’ ही पुस्तके पूर्ण झाली. ‘श्रीकांत’चे चार भाग लिहायला त्यांना पंधरा-सोळा वर्षे लागली. त्यातला नायक जन्मभर कुठे ना कुठे निघालेला असतो आणि राजलक्ष्मीकडे सगळे काही असूनही ज्या घरात मानाने राहावे असे घर नसते. लेखकाला घर मिळाल्यावरही त्याने आपल्या नायकाला सोयीचे घर देऊन कथा आटोपली नाही. घर नसलेल्यांना त्याने विसरून जाणेही पत्करले नाही.

भेट देणाऱ्यांना या घराच्या आवारातले तळे दाखवून ‘रामेर सुमति’तल्या कार्तिक आणि गणेश या दोन लाडक्या माशांची आठवण सांगतात. कथा या घराच्या कितीतरी आधी, १९१३ मध्ये छापली गेली, त्यामुळे ते तळे हे नव्हे. पण लोकांना तसे वाटावे यात नवल नाही. आईवेगळा व्रात्य राम आणि त्याला पोटच्या पोरासारखे वाढवणारी वहिनी नारायणी यांची ती गोष्ट. घरात वाटणीची भिंत उभी राहते आणि शेवटी त्या वहिनीच्या मायेपुढे ती टिकत नाही. भावंडांची ताटातूट झालेल्या माणसाने ती परदेशात बसून लिहिली होती. तेरा वर्षांनी त्याने खरेच तसे घर बांधले, ज्यात भाऊ, भावजय, पुतणे आणि हाकेच्या अंतरावर बहीण होती.

शेवटच्या काळात प्रकृती आणि कामे यांच्यामुळे कलकत्त्याला राहणे वाढले. १९३४ मध्ये बालीगंज भागात त्यांनी आणखी एक घर बांधले. १९३६ मध्ये ढाका विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही पदवी दिली. शुल्काअभावी ज्याची एफ. ए.ची परीक्षा हुकली होती त्याचा हा सन्मान. १९३७ च्या अखेरीस यकृताचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. सामताबेडहून त्यांना कलकत्त्याला नेण्यात आले, शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाही. १६ जानेवारी १९३८ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. हिरण्मयीदेवी त्यांच्यामागे दोन दशकांहून अधिक काळ जगल्या.

त्यांच्या आयुष्याचे तपशील गोळा करणेही सोपे नव्हते. स्वतःविषयी बोलताना ते थट्टेने काहीबाही सांगत आणि ऐकणारे ते खरे मानत. हिंदी लेखक विष्णु प्रभाकर यांनी भागलपूरपासून रंगूनपर्यंत माग काढत चौदा वर्षे खर्च केली तेव्हा १९७४ मध्ये ‘आवारा मसीहा’ हे चरित्र पुरे झाले. एका बंगाली लेखकासाठी एका हिंदी लेखकाने एवढे कष्ट घ्यावेत, आणि त्याआधीच एका मराठी नाटककाराने त्याच्या कादंबऱ्या आपल्या भाषेत आणाव्यात, हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते.

१९७८ मध्ये बंगालमध्ये महापूर आला आणि रूपनारायणचे पाणी या घरापर्यंत पोचले. घराचे बरेच नुकसान झाले. पुढे त्याला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला आणि डागडुजी होऊन ते पुन्हा उभे राहिले. आता नदाचे पात्र घरापासून बरेच दूर सरकले आहे. लिहिण्याच्या खोलीतून पूर्वीसारखे पाणी दिसत नाही, मधे हिरवी जमीन दिसते.

आपल्या मंडळातल्या बहुतेक कुटुंबांचे कोकणातले वा देशावरचे मूळ घर केव्हाच हातचे गेले आहे. इथल्या जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत आणि वाटण्यांचे कागद होत आहेत. त्यात चूक-बरोबर ठरवणे सोपे नाही. काळाप्रमाणे घरे बदलतात. शरदबाबूंच्या घराकडे पाहताना एवढेच मनात येते की, ते बांधताना त्यांनी आधी माणसे मोजली. बहीण किती जवळ राहील, भावाची मुले कुठे खेळतील, संन्यासी भाऊ आला तर कुठे टेकेल, सकाळी येणारे रोगी कुठे बसतील, हे ठरले आणि त्यानुसार खोल्या आणि व्हरांडे झाले. नव्या घराचा नकाशा समोर पसरताना आपल्याकडेही कुणीतरी आधी ती नावे काढली, तर या चरित्राचे स्मरण केल्याचे सार्थक होईल.